फट पडली फ्रेमला आणि आळ आला गुण्यावर

प्रश्न: काका, मी नाशिकची. नोकरी बँकेत, पण शनिवार-रविवार बाल्कनीत माझं लाकूडकाम चालतं. फोटोफ्रेम, छोटे डबे, मसाल्याचा रॅक असलं काहीबाही. अडचण अशी की फ्रेमचे तीन कोपरे मस्त जुळतात आणि चौथ्याला हमखास फट राहते, कधीकधी चांगली २ मिलिमीटरची. मग मी तिथं फेव्हिकॉल आणि भुसा भरून वेळ मारून नेते. गुण्या (काटकोन तपासायचं एल आकाराचं हत्यार) माझा कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याकडचा, १८० रुपयांचा. नवरा म्हणतो वाढदिवसाला परदेशी घेऊन देतो, १२ हजारांच्या आसपास आहे. एवढा खर्च करावा का? आणि खरं सांगायचं तर गुण्या नीट धरायचा कसा हे मला कुणी शिकवलंच नाही, व्हिडिओ बघून शिकले.

उत्तर:

काका म्हणालीस म्हणून मीपण सरळ अगं-तूगं करतो, चालेल ना. आधी नवऱ्याला सांग की जरा थांब, कार्टमध्ये पडून राहू दे.

तुझ्या पत्रात मला ते १८० रुपये महत्त्वाचे वाटलेच नाहीत. "तीन कोपरे जुळतात आणि चौथ्याला फट" हे वाक्य महत्त्वाचं. तीन जुळणारच गं, कारण चिकटवताना तू ते जुळवून घेतेस आणि प्रत्येक कोपऱ्यातली थोडी थोडी चूक पुढं ढकलत नेतेस, पंगतीत शेवटच्या माणसाच्या पानात खरवड येते तसं मग सगळं चौथ्याच्या पदरात पडतं. हिशोब करून बघ. एका फ्रेमला ४५ अंशाचे काप किती? चार पट्ट्या, दोन-दोन टोकं, म्हणजे ८. प्रत्येक काप फक्त पाव अंशानं चुकला, आणि सगळे एकाच बाजूला चुकले (एकाच मायटर बॉक्सवर, म्हणजे करवतीला ४५ अंशात धरणाऱ्या खाचांच्या खोक्यात, कापलं की एकाच बाजूला चुकतात), तर शेवटी २ अंश जमा झाले. तुझी पट्टी ४० मिलिमीटर रुंद असली तर कापाची लांबी साधारण ५६ मिलिमीटर, आणि त्यावर २ अंशाची फट म्हणजे बरोब्बर २ मिलिमीटरच्या आसपास. तू लिहिलेला आकडा तोच आहे.

आणि एक चोर आहे ज्याच्याकडं कुणी बघतच नाही, तो म्हणजे लांबी. समोरासमोरच्या दोन पट्ट्या एकमेकींच्या जुळ्या पाहिजेत. एक जरी अर्धा मिलिमीटर मोठी झाली तर तुझे आठही काप देवानं येऊन कापलेले असले तरी फ्रेम बंद होणार नाही. त्या दोन पट्ट्या पाठीला पाठ लावून सपाट टेबलावर उभ्या कर आणि टोकावरून नख फिरव. नखाला पायरी लागली की समज. डोळ्याला दिसत नाही ते नखाला लागतं. यावर उपाय फुकट आहे, कापायच्या फळीवर एक ठोकळा स्क्रूनं पक्का कर, पट्टीचं टोक त्याला टेकव आणि काप, दुसरी पण तशीच. टेपनं दोनदा मोजून दोन सारख्या पट्ट्या होतील ही आशा मी तरी सोडून दिली आहे.

आता गुण्या. मी कोल्हापुरात पॅटर्न शॉपमध्ये आयुष्य काढलं, म्हणजे फौंड्रीत ओतकाम करायच्या आधी लाकडाचा जो नमुना लागतो तो बनवायचं काम. काम लाकडाचं पण मापं लोखंडाची. आमची पट्टीसुद्धा वेगळी असायची, बिडासाठी (ओतीव लोखंडासाठी) शंभराला एक जास्त धरलेली, कारण बीड थंड होताना साधारण तेवढं आकसतं, अॅल्युमिनियमला अजून थोडं जास्त. नवीन पोरगं चुकून ती पट्टी घेऊन घरचं कपाट मोजायचं आणि मग दुकानात आठवडाभर हशा. तर सांगायचं हे की आमच्या मिस्त्रींचा गुण्या खिळ्याला वेगळा टांगलेला असायचा, त्याला हात लावायची परवानगी नव्हती. शिकाऊ असताना एकदा मी लावला आणि माझ्या हातून तो फरशीवर पडला, टोकावर. मला वाटलं आता कानफटात बसणार. मिस्त्री काही बोलले नाहीत, त्यांनी एक फळी घेतली, दोन रेघा मारल्या, आणि मला म्हणाले बघ. ती चाचणीच तुला सांगतो. गुण्या १८० चा असो की १२ हजाराचा, घरी आणला की पहिलं हेच करायचं, पडला की परत हेच, आणि दिवाळीला एकदा उगाचच करायचं.

सरळ कडेची एक फळी घे, एमडीएफचा (लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या फळीचा) कारखान्यात कापलेला तुकडा असेल तर उत्तम. आधी त्याची कड सरळ आहे का ते बघ, नाहीतर सगळी चाचणी वाया. कागदावर त्या कडेनं लांब रेघ मार, फळी रेघेच्या दुसऱ्या बाजूला पलटी करून तीच कड रेघेला लाव आणि परत रेघ मार, दोन्ही एकावर एक बसल्या तर कड सरळ. मग गुण्याचा दांडा, म्हणजे जाड बाजू, त्या कडेला घट्ट टेकव, दांडा डाव्या हाताला असू दे, आणि पात्याच्या, म्हणजे पातळ बाजूच्या, बाहेरच्या धारेनं कटरनं बारीक रेघ ओढ. पेन्सिल नको, पेन्सिलची रेघच अर्ध्या मिलिमीटरची, तिच्यात सगळं लपतं. आता गुण्या उलटा कर म्हणजे दांडा उजवीकडं येईल, खालच्या त्याच बिंदूपासून दुसरी रेघ ओढ. पण परत बाहेरच्याच धारेनं हं, एकदा बाहेरची एकदा आतली असं केलंस तर पात्याच्या दोन धारा समांतर नसल्या तर तीही चूक मिसळते आणि काही कळत नाही. दोन्ही रेघा एकच दिसल्या तर गुण्या गुण्यात आहे, म्हणजे बरोब्बर काटकोनात. वर जाऊन फाकल्या तर नाही, आणि जेवढं फाकलं दिसतंय त्याच्या निम्मी गुण्याची खरी चूक, कारण उलटं केल्यावर चूक दुप्पट होऊन समोर येते. म्हणून तर ही चाचणी इतकी कडक आहे, गुण्या स्वतःच स्वतःची चुगली करतो, दुसरा महागडा गुण्या तपासायला आणावा लागत नाही.

समजा १५० मिलिमीटरच्या पात्याला टोकाशी १ मिलिमीटर फाकलं. म्हणजे चूक अर्ध्याची, कोनात जवळजवळ ०.२ अंश. ऐकायला काहीच नाही. पण तोच गुण्या धरून ६०० मिलिमीटर खोलीच्या कपाटाची फळी आखलीस तर टोकाला २ मिलिमीटर गेले, आणि कपाटाचं दार कायम "मी जरा तिरकंच उभं राहतो" म्हणणार. रेघांमधलं अंतर कागदाच्या जाडीएवढं, म्हणजे साध्या झेरॉक्सच्या कागदाएवढं ०.१ च्या आसपास असेल तर चूक ०.०५, तेवढी लाकडाला चालते, खुशाल कामाला लाग. आणि चूक कुठल्या बाजूची ते पण कळतं, दांडा डावीकडं असताना मारलेली रेघ वर जाऊन उजवीकडं झुकलेली दिसली तर आतला कोन ९० पेक्षा मोठा झालाय, डावीकडं झुकली तर लहान.

४५ चं असंच. काटकोन पक्का असलेला गुण्या हाताशी असला की ४५ दाखवणाऱ्या हत्याराच्या त्या बाजूनं एकाच बिंदूतून एक रेघ डावीकडून आणि एक उजवीकडून मारायची, त्या दोघींमध्ये बरोब्बर काटकोन बसला पाहिजे. तुझ्यासाठी तर हे जास्त कामाचं.

तुझा १८० वाला नापास झाला तर लगेच फेकू नकोस. तो एकाच पत्र्याचा एल आकाराचा असेल तर त्याला सरळ करता येतं, कोपऱ्याच्या आतल्या बाजूला सेंटर पंच (टोकदार पोलादी खिळ्यासारखं हत्यार) ठेवून हलका ठोका दिला की तिथलं पोलाद पसरतं आणि कोन उघडतो, कोपऱ्याच्या बाहेरच्या बाजूला दिला की कोन मिटतो. एक ठोका, मग चाचणी, मग दुसरा ठोका. रागात करायचं काम नाही हे. दांडा-पातं रिव्हेटनं जोडलेला असेल आणि ढिला झाला असेल तर मात्र तो झाडांना आधार द्यायला वापर.

घ्यायचा कुठला? तुझ्या कामाला मी सांगेन १५० मिलिमीटरचा पूर्ण पोलादी, दांडा जाड, पातं जाड, ज्याला दुकानात इंजिनिअर्स स्क्वेअर म्हणतात आणि जो खरं तर लेथवाल्या-फिटरवाल्यांसाठी असतो. लाकडी दांड्याचा पितळी पट्टीवाला दिसायला फार देखणा, मलाही आवडतो, पण लाकूड आहे ते, पावसाळ्यात फुगतं आणि उन्हाळ्यात बसतं, त्याला वर्षातून चार वेळा तपासायची तयारी असेल तर घे. पोलादीमध्ये जर्मन डिन ८७५ या मानकाचे ग्रेड असतात, ००, ०, १ आणि २, आकडा जितका लहान तितका अचूक. आणि यातली गंमत ऐक, सगळ्यात खालचा ग्रेड २ सुद्धा १५० मिलिमीटरला फक्त ०.०३५ मिलिमीटर चूक चालवून घेतो, म्हणजे माणसाच्या केसापेक्षाही कमी. ग्रेड ० मध्ये तेवढ्याच लांबीला ०.००८. आता तूच सांग, सागाची पट्टी एका पावसाळ्यात याच्या कितीतरी पट हलते, तिच्यासाठी ०.००८ चा गुण्या घेऊन काय तिची आरती करायची? ग्रेड २ किंवा १ घे, बास. ग्रोझसारख्या भारतीय कंपन्यांचे मिळतात, किमती साधारण काही शे रुपयांच्या घरात. पण नुसत्या नावावर जाऊ नकोस, बॉक्समधून काढून चाचणी करू देईल अशा दुकानात जा. पुण्यात आलीस तर रविवार पेठेत बोहरी आळी, मुंबईला नागदेवी, तिथले जुने दुकानदार काउंटरवरच दोन गुण्ये पाठीला पाठ लावून उजेडात धरून दाखवतात. तिथं एक ट्रिक, दोन सारखे गुण्ये सपाट काचेवर उभे करून पात्याला पातं टेकव, मध्ये व्हीसारखी फट दिसली की दोघांपैकी एक तरी वाया गेलेला. फट दिसली नाही तर मात्र हुरळू नकोस, दोघं उलट सुलट चुकलेले पण असू शकतात, घरी येऊन फळीवरची चाचणी करायचीच.

दुसरं हत्यार कॉम्बिनेशन स्क्वेअर, ज्याचं डोकं पट्टीवर सरकतं आणि ज्यात ९० आणि ४५ दोन्ही मिळतात. तुझ्या फ्रेमला हा पाहिजेच. हा शोध लॅरॉय स्टारेट नावाच्या अमेरिकन माणसाचा, १८७९ चं पेटंट, आणि पुढच्याच वर्षी त्यानं मॅसॅच्युसेट्समधल्या अथॉल गावात कंपनी काढली जी अजून चालू आहे. त्याच्याआधी तो मांसाचा खिमा करायचं यंत्र बनवून विकायचा, म्हणजे बघ. नवरा घेऊन देतोय तो बहुतेक याच जातीतला. वाईट नाही, आयुष्यभर टिकेल, तुझ्या नातवंडांना मिळेल. पण तुझी फट त्यानं जाणार नाही. साध्यातला घेतलास तर तीन गोष्टी बघ: डोक्याचा स्क्रू आवळल्यावर पट्टी हलते का, पट्टी जास्त बाहेर काढल्यावर आणि आत घेतल्यावर चाचणी सारखीच येते का, आणि खाचेत कचरा आहे का. नव्या कोऱ्या मालात पण कचरा असतो, टूथब्रशनं साफ केला की निम्मे "खराब" कॉम्बिनेशन स्क्वेअर बरे होतात, खोटं नाही सांगत. डोकं आखूड असल्यामुळं लांब पट्टीला ते नीट सांभाळत नाही, त्यामुळं ३०० मिलिमीटर पट्टी आहे म्हणून टोकापर्यंत त्याच्यावर विसंबायचं नाही. मोठ्या फळीला गवंड्याची पद्धत बेस्ट, ३-४-५. एका कडेवर ३०० मिलिमीटर, दुसरीवर ४००, तिरपं ५०० आलं की काटकोन, जागा असेल तर ६००, ८०० आणि १००० घे, जितकं मोठं तितकं बारीक कळतं. शुल्बसूत्रातल्या यज्ञवेदीच्या दोऱ्यांपासून आजच्या बिल्डिंगच्या लाइनआउटपर्यंत हेच चालत आलंय. जपान्यांचा साशिगाने नावाचा पातळ लवचिक गुण्या असतो, त्याच्या मागच्या बाजूला खुणा २ च्या वर्गमुळानं वाढवलेल्या असतात, ओंडक्याच्या तोंडावर व्यासाला ती बाजू लावली की त्यातून चौकोनी तुळई किती मोठी निघेल ते सरळ वाचता येतं. तुला त्याची गरज नाही, मला सांगायचा मोह आवरला नाही एवढंच.

आता धरायचा कसा, जे तू शेवटी लाजत लाजत विचारलंस आणि जे पहिलं विचारायला हवं होतंस. पट्टीच्या चार बाजूंपैकी एक रुंद बाजू रंधा मारून सपाट कर, तिच्यावर पेन्सिलीनं एक गिरकी काढ. मग तिच्या शेजारची एक कड तिच्याशी काटकोनात आण आणि तिलापण खूण कर. यापुढं दांडा फक्त या दोनच बाजूंना टेकवायचा, तिसऱ्या-चौथ्याला नाही, कितीही घाई असली तरी. कारण उरलेल्या दोन बाजू काटकोनात आहेत हे तुला माहीतच नाही, आणि न तपासलेल्या बाजूला टेकवलेला गुण्या तिचीच चूक प्रामाणिकपणे पुढं नेतो. चारही बाजूंनी रेघ फिरवून आणलीस आणि सुरुवातीला बरोब्बर येऊन मिळाली तर पट्टी गुण्यात. नाही मिळाली तर कापू नकोस, आधी रंधा.

तपासताना तोंड उजेडाकडं कर, खिडकी नाहीतर ट्यूबलाइट. दांडा खूण केलेल्या रुंद बाजूला वरच्या टोकाशी आधी पक्का टेकव, मग तो टेकवलेलाच ठेवून हळूच खाली सरकव, पातं लाकडाला नुसतं शिवेपर्यंत. बरेच जण पातं आधी टेकवतात, मग दांडा कुठंतरी हवेत, आणि म्हणतात बघा एकदम बरोबर आहे. उजेड एका कडेला दिसला तर ती बाजू बुटकी. दोन्ही कडांना दिसला आणि मध्ये नाही, तर तुझी कड पोटासारखी गोल झाली आहे, म्हणजे रंधा हातात डुगडुगतोय. एकाच जागी बघून सोडू नकोस, पट्टीच्या तीन-चार जागी बघ, आणि पातं लाकडावरून फरफटत नेऊ नकोस, उचल आणि परत टेकव. कोपऱ्यात करवतीचा बारीक तूस राहिला तरी गुण्या खोटं सांगतो, चांगल्या गुण्याच्या आतल्या कोपऱ्यात छोटी खाच ठेवलेली असते ती त्याचसाठी.

रेघ मारताना गुण्या खुणेवर नेऊन ठेवायचा नाही, उलटं करायचं: कटरचं टोक खुणेवर टेकवायचं आणि गुण्या सरकवत त्याला आणून भिडवायचा. पहिला हात हलका, दुसरा जरा जोराचा. ती चिरच मग पटाशीला (लाकूड कोरायच्या छिन्नीला) भिंत देते, पटाशी तिथं आपोआप बसते आणि जोडाची कड कापून काढल्यासारखी येते.

डबा चिकटवलास की आतून गुण्या घालून बघत बसू नकोस, कोपऱ्यात गोंद ओघळलेला असतो, त्यावर गुण्या चढतो. कर्ण मोज. ६०० बाय ४०० ची चौकट असेल तर दोन्ही तिरपे ७२१ यायला पाहिजेत, पण आकडा नाही आला तरी दोन्ही सारखे असले की बास. एक लांब आला तर त्या लांब कर्णावर क्लॅम्प लावून हळूच आवळ, गोंद ओला असेपर्यंत ऐकतं, नंतर नाही.

तर तुझं बजेट असं कर. १५० चा पोलादी एक, बरा कॉम्बिनेशन स्क्वेअर एक, एक नीट धार लावलेला रंधा, आणि प्लायच्या तुकड्याचा शूटिंग बोर्ड घरीच कर, म्हणजे फळीवर ४५ अंशाला पक्का केलेला ठोकळा, त्याला पट्टी टेकवायची आणि रंधा आडवा झोपवून टोक एकेक केसानं घासत आणायचं. करवतीनं ४५ बरोबर कापायच्या नादाला लागू नकोस, मला इतक्या वर्षांत जमलं नाही. करवतीनं जवळ जायचं, रंध्यानं पोचायचं. यात १२ हजारातले बरेच उरतील, त्याचे चार चांगले क्लॅम्प आण, लाकूडकाम करणाऱ्या माणसाकडं क्लॅम्प जास्त झाले असं कधी ऐकलंय का कुणी.

गुण्याला शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब पुसून ठेवायचा, सुती फडक्यात गुंडाळून. बाल्कनीत ठेवू नकोस, नाशिकचा पाऊस कोकणासारखा नाही हे खरं, पण पोलादाला दमट हवेची एक रात्र पुरते. आणि करवती-पटाश्यांच्या डब्यात टाकायचा नाही, त्याला स्वतंत्र खिळा. घरातल्यांना सांगून ठेव की हा पाटा-वरवंट्याखालचा टेकू नाही आणि पार्सल उघडायचं हत्यारही नाही.

चौथा कोपरा बंद झाला की फ्रेमचा फोटो पाठव. फक्त मोबाइल सरळ समोर धरून काढ, तिरका काढलास तर मी इकडं स्क्रीनला गुण्या लावून बसेन आणि आमची ही म्हणेल, झालं, रिटायर झाला तरी याचं काही सुटत नाही.